प्राथमिकच्या मुलांमध्ये चांगले गुण कसे रुजवायचे? भाषण कमी, काम जास्त

डीएडला, म्हणजे शिक्षक व्हायच्या पदविकेला, आम्ही दहा गाभाघटक, दहा मूल्यं आणि दहा जीवनकौशल्यं घोकून पाठ केली होती, स्व-जाणीव, समानुभूती (दुसऱ्याला काय वाटतंय ते समजून घेणं), समस्या निराकरण वगैरे, जीवनकौशल्यांची ती यादी जागतिक आरोग्य संघटनेची. पेपरात ओळीने लिहिली की मार्क मिळायचे. दुसरीच्या वर्गात मात्र समानुभूती म्हणजे एकाने दुसऱ्याचा खोडरबर खिडकीतून बाहेर टाकलाय आणि दुसरा भोकाड पसरून रडतोय, एवढंच असतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते त्यामुळे उदाहरणं तिथलीच आहेत, पण घरी पण हे सगळं चालतं.

आधी एक करा, मोठे शब्द सोडून द्या. "प्रामाणिकपणा" सात वर्षांच्या पोराला दिसत नाही. वर्गात एक हरवले-सापडलेचा डबा ठेवा, सापडलेली पेन्सिल, टिकली, दोन रुपयांचं नाणं जे काय असेल ते त्यात टाकायचं, हे दिसतं. महिनाभर एवढी एकच सवय धरायची. एकदम पाच गुण धरले की एकही हाताला लागत नाही, आणि आपणच दमतो.

मग खरं काम द्या. खरं म्हणजे, पोराने केलं नाही तर कुणाचं तरी अडेल असं. शालेय मंत्रिमंडळ बहुतेक शाळांत असतं पण ते फलकावरच राहतं, मुख्यमंत्री म्हणजे वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा आणि तो पण बाईंनीच ठरवलेला. त्यापेक्षा मतदान घ्या, पहिलीच्या मुलांना वाचता येत नाही तर चिठ्ठीवर फूल-फुगा-पतंग अशी चिन्हं काढा, हल्ली मोबाईलवर व्होटिंग मशीनची ॲप पण मिळतात. आणि निवडून आल्यावर अधिकार द्या ना! पाणीमंत्र्याने टाकी बघून सांगायचं, आहारमंत्र्याने खिचडीच्या आधी हात धुवायची रांग लावायची. विसरला तर आपण पटकन उठून ते काम करायचं नाही, पोरंच त्याला जाब विचारतात, आणि आपल्या ओरडण्यापेक्षा तो जाब जास्त लागतो (पाण्याचं मात्र तुमचं लक्ष असू द्या, तहानलेल्या पोरांवर प्रयोग नको). दर महिन्याला खाती बदला. सगळ्यात वांड पोराला एकदा तरी खातं मिळायलाच पाहिजे.

माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे बाल आनंद मेळावा. गावोगावी होतो, पोरं भेळ, वडे, लिंबू सरबत, मेथीच्या जुड्या विकायला बसतात. आणि दहा मिनिटांत काय होतं, प्रत्येक स्टॉलमागे आई उभी, आईच भेळ कालवतेय, आईच पैसे घेतेय, पोरगं बाजूला बसून स्वतःचीच भेळ खातंय. असं नको. भाव पाच आणि दहाच्या पटीत ठेवा म्हणजे सुट्ट्याचा घोळ होत नाही, आदल्या दिवशी खेळण्यातल्या नोटांनी वर्गात एकदा दुकान-दुकान खेळून घ्या. सामान आणायला पोराला सोबत न्या आणि खर्च त्यालाच लिहू द्या. समजा चुरमुरे, फरसाण, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर मिळून १२० रुपये झाले. दहा रुपयांची एक प्लेट, १५ प्लेटा गेल्या तर १५० येतात, म्हणजे ३० नफा. पण पोरं काय करतात, पहिल्या चार प्लेटा दोस्तांना डोंगर करून देतात, मग शेवटी ११ प्लेटाच होतात आणि १० रुपये तोटा. होऊ द्या तोटा! वरचे पैसे गुपचूप गल्ल्यात टाकू नका, उरलेली भेळ पण आपणच विकत घेऊन संपवू नका. संध्याकाळी शांतपणे विचारा, पहिली प्लेट केवढी भरली होतीस आणि शेवटची केवढी? तिसरीतलं पोरगं याचं उत्तर बरोबर देतं. हिशोब, निर्णय, तोंडावर नाही म्हणायची हिंमत, सगळं त्या एका प्लेटमध्ये आलं.

आता शाबासकीचं. "हुशार आहे माझं बाळ" हे आपल्या तोंडात बसलेलं वाक्य आहे. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेत पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास छापला, ज्यांच्या हुशारीचं कौतुक झालं ती मुलं अवघड गणितं चुकल्यावर लवकर हिरमुसली, आणि आपले मार्क दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातल्या जास्त जणांनी वाढवून सांगितले. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं चिकटून राहिली. म्हणून काय केलं ते नाव घेऊन सांगा, "बेरीज चुकली तर परत मणी मोजलेस, बरं केलंस." आणि उगाच ऊठसूट टाळ्या नकोत, पोरांना खोटं कौतुक लगेच कळतं.

भांडणात "सॉरी म्हण त्याला" हे बंद करा, पोरं सॉरी म्हणून मोकळी होतात आणि मधल्या सुट्टीत परत तेच. एकाने सांगायचं, दुसऱ्याने तो काय म्हणाला ते आधी परत बोलून दाखवायचं, मग आपली बाजू. शेवटी "आता काय करायचं?" एवढंच विचारा. खोडरबरवाला पोरगा स्वतःच उठून वर्गामागच्या गवतात शोधायला जातो, आणि बऱ्याचदा रडणारा पण त्याच्यासोबत जातो.

लाजणाऱ्या मुलांसाठी परिपाठ आहेच, पण माईक रोज त्याच चार पोरांच्या हातात असतो. लाजाळू मुलीला एकदम बोधकथा सांगायला उभं करू नका, आधी मैत्रिणीसोबत जोडीने वार-तारीख, मग एकटीने सुविचार, मग दिनविशेष. घाई नको.

घरी पहिलीतलं मूल स्वतःचं ताट उचलून ठेवू शकतं, पाण्याची बाटली भरू शकतं, दप्तर भरू शकतं. वही घरी राहिली तर गाडी काढून शाळेत आणून देऊ नका ना, एक दिवस वहीशिवाय काही बिघडत नाही. चौथीतलं मूल यादी घेऊन जवळच्या दुकानात जाऊन हिशोबासकट परत येतं. फक्त एक बघा, मुलीला भांडी आणि मुलाला दुकान अशी वाटणी आपोआप होते, ती मुद्दाम उलटी करा.

शिक्षकांना एक सांगायचंय, राग मानू नका. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे फक्त परीक्षेवर नाही तर वर्षभर मुलाकडे बघून मूल्यमापन, त्यासाठी प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी आल्या, आणि शिक्षकांच्या ग्रुपवर फिरणारी तयार नोंदींची पीडीएफ पण आली. "इतरांना मदत करतो" हे चाळीस पोरांपुढे तसंच उतरवून काय उपयोग? त्यापेक्षा तारीख टाकून "पडलेल्या पहिलीच्या मुलाला नळावर नेऊन गुडघा धुतला" असं लिहा. रोज एकाच मुलाची नोंद केली तरी सत्रात सगळा वर्ग होतो. पालकांनी पण पालकसभेत मार्कांबरोबर या नोंदी मागाव्यात.

आणि कुणाला आळशी, हट्टी, दुर्लक्ष करणारा असा शिक्का मारायच्या आधी डोळे-कान तपासून घ्या. फळ्यावरचं उतरवून न घेणाऱ्या पोराला कधीकधी फळाच दिसत नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून एकदा सरकारी शाळेत मुलांच्या आरोग्य तपासणीला येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि चष्मा लागला तर तो शाळेत घालतो की दप्तरातच राहतो ते पण बघा.