पीएफएक्स उघडेना, मोबाइलवर साइट चालेना

सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याची साइट विंडोजवरून लिनक्सच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर आणायची होती. हाताशी एकच पीएफएक्स फाइल. साइटचं एचटीटीपीएस प्रमाणपत्र आणि त्याची गुप्त प्रायव्हेट की दोन्ही तिच्यातच. पासवर्ड बरोबर असूनही ओपनएसएसएल ३ (प्रमाणपत्रं हाताळणारं टूल) ती उघडेना, ‘अनसपोर्टेड’ म्हणून अडून बसलं. जुन्या विंडोजनं एक्सपोर्ट केलेली फाइल आरसी२-४० या जुन्या, कमकुवत पद्धतीनं एनक्रिप्ट केलेली असते आणि ३.० पासून आरसी२ डीफॉल्टमधून बाहेर आहे. पीएफएक्स उघडणाऱ्या पीकेसीएस१२ कमांडला ‘लेगसी’ पर्याय जोडला, काम झालं. की वेगळ्या फाइलमध्ये, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी. (ही की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडले.)

पुढचं दुखणं: लॅपटॉपवर क्रोम खूश, अँड्रॉइडवर इशारा. साइटचं प्रमाणपत्र आणि ब्राउझरचा विश्वास असलेलं रूट प्रमाणपत्र यांना जोडणारं इंटरमीडिएट प्रमाणपत्र सर्व्हर देतच नव्हता. डेस्कटॉपवरचा ब्राउझर ते बहुधा स्वतःच मिळवतो, त्यामुळे चूक झाकली जाते. मिळालेली इंटरमीडिएटची सीआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसता कचरा, म्हणजे डीईआर, बायनरी स्वरूप. पेम, म्हणजे मजकूर स्वरूपातली, असती तर पहिल्याच ओळीत ‘बिगिन सर्टिफिकेट’ दिसलं असतं. सीआरटी या शेपटीवरून काहीच कळत नाही, आत दोन्हींपैकी काहीही असतं. ती पेममध्ये बदलली आणि एकाच फाइलमध्ये वर साइटचं, खाली इंटरमीडिएटचं असं जोडलं. क्रम उलटा झाला तर एनजिनएक्स ‘की व्हॅल्यूज मिसमॅच’ म्हणत सुरूच होत नाही. रूट घालायची गरज नाही.