केबल ट्रे साइटवर कापताय? या चुका टाळा

साखर कारखान्यांचं गाळप थांबलं की सांगली-साताऱ्याकडं केबल ट्रेची, म्हणजे केबल ज्यावरून नेतात त्या पत्र्याच्या पन्हळीची, कामं निघतात. नवी मोटर बसते, पॅनेलची जागा बदलते आणि ड्रॉइंगमध्ये सरळ दिसणारा ट्रे नेमका पाइपला आडवा येतो. मग ग्राइंडर निघतो. कापायला दोन मिनिटं लागतात. कापल्यानंतरचं काम मात्र राहून जातं, आणि केबल तिथंच खराब होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे केबल आत असताना ट्रे कापणं. ‘चाक वरच्यावर चालवतो’ म्हणणारा फिटर प्रत्येक साइटवर असतो. त्याचं ऐकू नका. फीडर (त्या केबलचा वीजपुरवठा) बंद करून कुलूप लावा, केबल बाजूला घ्या आणि मगच कापा. ठिणगीनं आवरणाला पडलेलं बारीक भोक त्या दिवशी दिसत नाही, पावसात ओल धरली की मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासणारा मीटर, ते दाखवतो. कारखान्यात ट्रेवर बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा साचलेला असतो, तो वेगळाच धोका. ठिणगी पडली की तो आतून धुमसतो आणि माणसं जेवायला गेल्यावर पेट घेतो. आधी ट्रे झाडून घ्या, अग्निशामक जवळ ठेवा आणि काम संपल्यावरही निदान अर्धा तास एक माणूस तिथं थांबवा.

कापलेली कड कानशीनं घासावीच लागते. घासून झाल्यावर तिच्यावरून सुती चिंधी फिरवा. धागा अडकला तर तिथं केबलही अडकणार. जोडाचे बोल्ट लावताना गोल डोकं आत आणि नट बाहेर. उलटे लावलेले मी इतके पाहिलेत की आता आधी तेच तपासतो.

वळण काढायला बाजूच्या पट्टीत व्ही-कट मारून ट्रे वाकवतात. भार तर ती पट्टीच पेलते! शिवाय असा कोपरा टोकदार होतो. आर्मर्ड (आत पोलादी तारांचं कवच असलेल्या) केबलला साधारण व्यासाच्या १२ पट त्रिज्या लागते, म्हणजे ४० मिमीच्या केबलला ४८० मिमी. तयार बेंड विकत आणा. तो न आणून वाचवलेल्या पैशात केबलचा एक तुकडाही येत नाही.

जोड दोन आधारांच्या बरोबर मध्ये येऊ देऊ नका. आधारापासून अंतराच्या पाव भागात तो बसावा. आधार दोन मीटरवर असतील तर जोड अर्ध्या मीटरच्या आत. कापाकापीत जोड सरकतो, तेव्हा ब्रॅकेट वाढवा.

कापलेल्या जागी चांदीसारखा चमकणारा ॲल्युमिनियम पेंट फासून ‘गॅल्व्हनाइज केलं’, म्हणजे जस्ताचा थर दिला, म्हणतात. तो नुसता दिसायला. झिंक-रिच (भरपूर जस्त असलेला) पेंटच लागतो. आणि गॅल्व्हनाइज्ड ट्रेवर वेल्डिंग नको. झिंकचा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

अर्थिंग तर सर्रास विसरतात. ट्रे कापला की त्यातून जाणाऱ्या अर्थिंगच्या मार्गाची सलगता तुटते. जोडावर तांब्याचा जंपर (दोन्ही तुकडे जोडणारी तार) द्या. पावडर कोटिंग असेल तर बोल्टखाली रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला. साध्या मल्टिमीटरची बीप ऐकून खूश होऊ नका, एका तारेच्या टोकावरही तो वाजतो. कमी रोध मोजणारा मीटर आणा आणि प्रत्येक जोडाचं मोजमाप केबल आत टाकण्याआधी घ्या. नंतर वरची झाकणं उघडायला कुणी तयार होत नाही.