अमेरिकेतली बारावी: आर्ट्सकडे कल असलेल्या मुलांनी कोणतं गणित घ्यावं?

महाराष्ट्रात दहावीनंतर आर्ट्सला गेलं की गणित सुटलं, हे आपल्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेतल्या हायस्कूलला शाखा नसतात. मुलीला इतिहास शिकायचा असो की पत्रकारिता, सीनियर इयरच्या, म्हणजे बारावीच्या, गणिताचा निर्णय घ्यावाच लागतो. बऱ्याच शाळांत विषयनिवड अकरावीच्या उत्तरार्धात होते, म्हणून डिसेंबरच्या सुट्टीतच तिच्यासोबत बसा.

आधी ट्रान्सक्रिप्ट (आतापर्यंतच्या विषयांची आणि ग्रेडची नोंद) काढून अल्जिब्रा २ (बीजगणिताचा दुसरा कोर्स) झालंय का, कसं झालंय, ते बघा. मग आपल्या राज्याची डिप्लोमाची, म्हणजे हायस्कूल पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्राची, अट. फ्लोरिडात गणिताचे चार क्रेडिट (साधारण वर्षाला एक) लागतात, सगळीकडे तसं नाही. कॉलेजची अट त्याहून वेगळी: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तीन वर्षांचं गणित मागते, चार वर्षांची शिफारस करते. किमान अट पूर्ण झाली म्हणून बारावीला गणित सोडू नका. वर्षभर हात सुटला की कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट (कोणत्या पातळीच्या गणितापासून सुरुवात करायची ते ठरवणारी परीक्षा) जड जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. मनात असलेल्या चार-पाच कॉलेजांच्या वेबसाइटवर तिला हव्या त्या मेजरला (मुख्य विषयाला) कोणतं गणित लागतं ते वाचा. 'स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) नाही' म्हणजे सगळं एकच नव्हे. इकॉनॉमिक्स आणि बिझनेसला बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस गाठतंच, तेव्हा प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी) नीट झालं असेल तर एपी कॅल्क्युलस एबी घ्यावं. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, पोलिटिकल सायन्सला स्टॅटिस्टिक्स लागतं. साहित्य, इतिहास, कलांकडे जाणाऱ्यांनाही मी एपी स्टॅटिस्टिक्सच सुचवेन. त्याला अल्जिब्रा २ पुरतं, कॅल्क्युलस लागत नाही. आणि लिहिणाऱ्या मुलांना तिथे खरोखर वाव मिळतो. नुसता आकडा काढून भागत नाही. नमुना कसा निवडला, या प्रयोगावरून काय म्हणता येतं आणि काय नाही, हे वाक्यांत मांडावं लागतं. उद्या मतचाचणीची बातमी लिहिताना हेच उपयोगी पडेल.

अल्जिब्रा २ कसंबसं पार पडलं असेल, पण कॅल्क्युलसची वाट बंद करायची नसेल, तर प्रीकॅल्क्युलस घ्या. २०२३-२४ पासून त्याचाही एपी कोर्स आहे. डेटा सायन्सचा कोर्स अल्जिब्रा २ नंतर चांगला, त्याच्या बदल्यात नको. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तो बदली म्हणून धरत नाही. कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) ड्युअल एन्रोलमेंट, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स, करणार असाल तर तिथली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायम राहते, हे मुलीला आधी सांगा.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणाचा मुलगा कॅल्क बीसी (एबीपेक्षा पुढचा एपी कॅल्क्युलस) घेतोय हे कानावर येईलच. त्यावरून ठरवू नका. कॅल्क्युलस ही प्रवेशाची अट नाही आणि त्याला झुकतं मापही नाही, असं खुद्द हार्वर्ड सांगतं. निवड मुलीची असू द्या, कारण रात्री अकराला होमवर्क तीच करणार आहे.

शाळेच्या काउन्सेलरला (विषयनिवडीत मार्गदर्शन करणाऱ्याला) विचारायचं ते असं: कोर्स ऑर्केस्ट्राच्या किंवा शाळेच्या वर्तमानपत्राच्या तासावर येतो का, आणि ट्रान्सक्रिप्टवर खूण न राहता तो कधीपर्यंत सोडता येतो. बारावीच्या पहिल्या सेमिस्टरचे मार्क मिडइयर रिपोर्टमधून (शाळा वर्षाच्या मध्याला पाठवते त्या अहवालातून) कॉलेजांना जातात, आणि नेमके त्याच महिन्यांत निबंध आणि अर्ज असतात. एवढा भार झेपेल असाच कोर्स हवा. अर्ज पाठवल्यानंतर कोर्स बदलला तर प्रत्येक कॉलेजला लगेच कळवा.