मंद दीर्घिका दुर्बिणीतून कशा पाहाव्यात

दुर्बिणीतून शनी पाहणे आणि बाराव्या प्रतीची (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) दीर्घिका पाहणे ही दोन निराळी कामे आहेत. ग्रहाकडून प्रकाश भरपूर येतो, पण त्याचे बिंब लहान असते. दीर्घिकेचा विस्तार पुष्कळदा पुरेसा असतो, मात्र तिचा पृष्ठभाग पार्श्वभूमीच्या आकाशापेक्षा किंचितच उजळ असतो. तो किंचित फरक डोळ्याला जाणवेल अशी परिस्थिती निर्माण करणे एवढेच निरीक्षकाच्या हाती असते, आणि पुढील सर्व सूचना त्याच हेतूने दिल्या आहेत.

प्रथम याद्यांमधील आकड्यांविषयी. दीर्घिकेपुढे दिलेली प्रत ही तिचा सर्व प्रकाश एका बिंदूत एकवटला असता ती किती तेजस्वी दिसली असती, हे सांगते. सप्तर्षींजवळच्या एम १०१ ची (एम म्हणजे फ्रेंच खगोलज्ञ मेसिए यांची यादी) प्रत सुमारे ७.९ आणि एम ८२ ची सुमारे ८.४ आहे, म्हणजे कागदावर एम १०१ अधिक तेजस्वी ठरते. प्रत्यक्षात एम ८२ साध्या दुर्बिणीतही चटकन सापडते आणि एम १०१ नवख्या निरीक्षकाला वारंवार हुलकावणी देते, कारण एम १०१ चा प्रकाश जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्रबिंबाएवढ्या क्षेत्रावर पसरलेला आहे. म्हणून लक्ष्य निवडताना प्रतीबरोबर आकारमान किंवा थेट पृष्ठतेजस्विता, म्हणजे ठरावीक क्षेत्रामागची तेजस्विता, पाहावी. मेसिएच्या यादीतील मीन राशीतली एम ७४ याच कारणाने कुप्रसिद्ध आहे.

पार्श्वभूमी काळी असणे याला पर्याय नाही. शहराच्या आकाशाची तेजस्विता दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सुमारे १८ प्रत आणि चांगल्या अंधाऱ्या जागेची २१.५ प्रत धरली, तर हा साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे सुमारे २५ पट उजेडाचा फरक होय. दुर्बीण दीर्घिकेबरोबर हा उजेडही तितक्याच निष्ठेने गोळा करते, त्यामुळे शहरातल्या ३०० मिलिमीटरच्या आरशापेक्षा अंधाऱ्या माळावरचा १५० मिलिमीटरचा आरसा दीर्घिकांसाठी सरस ठरतो, आणि मोठ्या दुर्बिणीवर खर्च करण्याआधी प्रवासावर खर्च करणे शहाणपणाचे आहे, असे माझे मत आहे. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ नुसत्या डोळ्यांनी, तिरक्या नजरेने का होईना, दिसत असेल, तर ती जागा दीर्घिकांच्या निरीक्षणासाठी उत्तम समजावी. अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात आणि सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यानंतरच मंद वस्तूंना हात घालावा. वस्तू आकाशात उंच असताना पाहावी. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या वस्तूचा प्रकाश खस्वस्तिकाच्या, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूच्या, तुलनेत दुप्पट हवेतून येतो.

यानंतर डोळा. अंधारात बाहुली काही मिनिटांत विस्फारते, परंतु खरी संवेदनक्षमता दृष्टिपटलावरील दंडपेशींमधील (मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींमधील) रंगद्रव्य पुन्हा तयार होण्यावर अवलंबून असते आणि त्याला अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. मोबाइलच्या पडद्याकडे टाकलेला एक कटाक्ष ही सारी कमाई घालवतो. दंडपेशी गडद लाल प्रकाशाला जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत, म्हणून नकाशा पाहण्यासाठी लाल दिवा वापरतात. मात्र तो अतिशय मंद असावा, कारण भगभगीत लाल दिवाही नुकसान करतोच. दिवसा प्रखर उन्हात फिरणे टाळावे किंवा गडद चष्मा वापरावा, कारण दिवसभराच्या उन्हाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. नेत्रिकेला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगाला, डोळा लावल्यावर डोक्यावरून काळे कापड ओढून घ्यावे. हा प्रकार पाहणाऱ्याला विचित्र वाटतो खरा, पण बाजूचा उजेड रोखण्याचा याहून स्वस्त आणि परिणामकारक उपाय नाही.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जिथे आपण टक लावलेल्या वस्तूची प्रतिमा पडते, तिथे दंडपेशी नसतात. त्यामुळे मंद दीर्घिकेकडे सरळ पाहिले की ती नाहीशी होते आणि नजर बाजूला सरकवली की पुन्हा उमटते. तिरक्या नजरेचे हे तंत्र सर्वांना ठाऊक असते, पण नजर कोणत्या बाजूला सरकवावी याकडे थोडेच जण लक्ष देतात. प्रत्येक डोळ्याचा अंधबिंदू दृष्टिक्षेत्राच्या कानाकडील बाजूस असतो, म्हणून दीर्घिका दृष्टीच्या नाकाकडील बाजूस राहिली पाहिजे: उजव्या डोळ्याने पाहताना दीर्घिकेच्या उजवीकडे आणि डाव्या डोळ्याने पाहताना तिच्या डावीकडे नजर ठेवावी. साधारण ५० अंशांच्या दृश्यक्षेत्राच्या नेत्रिकेत केंद्रापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांश ते निम्मे एवढी नजर सरकवणे बहुतेकांना मानवते; नेमके अंतर ज्याचे त्याने शोधावे. घाई मात्र करू नये. अत्यंत मंद प्रकाश मेंदू काही सेकंद साठवून त्यातून आकृती उभी करतो, म्हणून नजर एका जागी स्थिर ठेवावी, श्वास रोखू नये आणि मानेला ताण येणार नाही अशा उंचीच्या आसनावर बसावे. वस्तू तरीही दिसत नसेल, तर दुर्बिणीच्या नळीवर बोटाने हलकी टिचकी मारावी. स्थिर प्रतिमेपेक्षा हलणारा अंधूक डाग डोळ्याला लवकर कळतो.

विवर्धनाविषयीचा एक समज खोडून काढणे आवश्यक आहे. दीर्घिका मंद असतात, म्हणून नेहमी कमीत कमी विवर्धन वापरावे, असे सर्रास सांगितले जाते. विवर्धन वाढवले की दीर्घिका आणि आकाश दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात, त्यामुळे त्यांच्यातील सापेक्ष फरक कायम राहतो. मात्र डाग मोठा होतो, आणि कमी फरकाची वस्तू आकाराने मोठी असेल तर ती डोळ्याला अधिक सहज कळते. दुर्बिणीच्या व्यासाला विवर्धनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. बहुतेक दीर्घिकांसाठी ती सुमारे २ मिलिमीटर असावी. २०० मिलिमीटर व्यास आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेल्या सर्वपरिचित डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायच्या आरशाच्या) दुर्बिणीत ३० मिलिमीटरची नेत्रिका ४० पट, तर १२ मिलिमीटरची नेत्रिका १०० पट विवर्धन देते. पहिलीने शोध घ्यावा आणि दुसरीने निरीक्षण करावे. लहान दीर्घिकांसाठी १५० पटही लाभदायक ठरते. एम ३३ आणि एम १०१ यांसारख्या पसरट दीर्घिका याला अपवाद आहेत. त्यांच्याभोवती काळे आकाश दिसले तरच त्यांची कडा जाणवते.

फिल्टरवर पैसे खर्च करू नयेत. दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा असल्याने तो वर्णपटात सर्वत्र पसरलेला असतो, आणि अरुंद पट्ट्याचे तेजोमेघ फिल्टर आकाशाबरोबर तोही कापतात. एम ३३ मधील एनजीसी (न्यू जनरल कॅटलॉग ही यादी) ६०४ सारखा दीर्घिकेतला तेजोमेघ पाहायचा असेल, तेव्हाच त्यांचा उपयोग होतो. आरशांची जुळणी निरीक्षणापूर्वी तपासून घ्यावी आणि दुर्बीण अंधार पडण्याआधीच उघड्यावर ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या तापमानाला येतो.

दीर्घिका शोधण्याचा सराव सप्तर्षींपासून सुरू करणे सोयीचे आहे. पुलस्त्यापासून क्रतूपर्यंतची रेषा तेवढीच पुढे वाढवली की एम ८१ आणि एम ८२ ही जोडी कमी विवर्धनाच्या एकाच दृश्यक्षेत्रात येते. मरीचीपासून सुमारे साडेतीन अंशांवर, श्यामशबल तारकासमूहात एम ५१ आहे. वसिष्ठ आणि मरीची यांच्याशी जवळजवळ समभुज त्रिकोण करणाऱ्या बिंदूवर, शेपटीच्या उत्तरेकडे, एम १०१ शोधावी. हात बसल्यावर कन्या राशीतील दीर्घिकासमूहाकडे वळावे. एम ८४ आणि एम ८६ पासून निघणाऱ्या मार्कारियनच्या साखळीत, म्हणजे दीर्घिकांच्या रांगेत, दुर्बीण जराशी सरकवली की पुढची दीर्घिका येते, आणि नेमक्या याच विपुलतेमुळे तिथे वाट चुकते, म्हणून छापील नकाशावर प्रत्येक दीर्घिकेची खूण करत पुढे जावे. न्यूटनी दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते, तेव्हा नकाशाही उलटा धरावा.

एम ५१ ची सर्पिल रचना प्रथम लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये ७२ इंची (सुमारे १८३० मिलिमीटर) दुर्बिणीतून पाहिली. आज अंधाऱ्या जागेवरून ३०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ती रचना ओळखता येते. त्यांचा धातूचा आरसा आजच्या ॲल्युमिनियमच्या लेपापेक्षा बराच कमी प्रकाश परावर्तित करत असे, हे एक कारण. काय शोधायचे ते आपल्याला आधीच ठाऊक असते, हे दुसरे. हे दुसरे कारण निरीक्षकाला घातकही ठरते, कारण छायाचित्रात पाहिलेले सर्पिल बाहू, ते नसलेल्या ठिकाणीही, डोळा रेखाटून दाखवतो.

म्हणून निरीक्षणाच्या रात्री छायाचित्र पाहू नये. केवळ ताऱ्यांचा नकाशा घेऊन दीर्घिकेच्या जागी जावे आणि डाग लांबट आहे की गोल, मध्यभाग ठळक आहे की नाही, जवळच्या कोणत्या ताऱ्याकडे त्याचे टोक आहे, हे वर्तुळ आखलेल्या कागदावर काढावे. दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवणारी मोटार असल्यास ती बंद केली की तारे दृश्यक्षेत्राच्या ज्या कडेने बाहेर जातात ती पश्चिम, हेही त्याच कागदावर नोंदवावे. दुसऱ्या दिवशी छायाचित्राशी पडताळताना लांबटपणाची दिशा जुळली, तर दीर्घिका खरोखर दिसली असे मानता येते. महाश्वातील एनजीसी ७३३१ जवळचे स्टीफनचे पंचक, ज्याचे सदस्य तेराव्या प्रतीच्या पलीकडचे आहेत, या पडताळणीशिवाय पाहिले असे म्हणूच नये: तिथे एक सामाईक धूसरपणा जाणवणे आणि प्रत्येक सदस्याची जागा स्वतंत्रपणे दाखवता येणे, या दोन नोंदी वेगळ्या लिहाव्यात.