कॉन्ट्रॅक्टर नेमताय? आधी पैशांचे टप्पे ठरवा

घराच्या कामासाठी कॉन्ट्रॅक्टर शोधायला निघालं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, तीन कोटेशनं घ्या आणि मधलं निवडा. दुसरा, माणूस विश्वासाचा बघा, बाकी सगळं होतं. दोन्ही सल्ल्यांनी लोकांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. तीन कोटेशनं तीन वेगळ्या कामांची असतील तर मधल्या आकड्याला काय अर्थ? आणि विश्वासाचा माणूससुद्धा तुमच्या अ‍ॅडव्हान्समधून दुसऱ्या साइटच्या मजुरांचा पगार भागवतो. त्याचा हेतू वाईट असतो असं नाही, या धंद्यात पैसा असाच फिरतो. म्हणून तो कसा आणि कधी सोडायचा, हे तुम्हाला ठरवावं लागतं.

नकाशा, बजेट आणि कामांची यादी तयार आहे असं धरून पुढचं लिहितो.

१. परवाना आणि विमा

परवान्याची झेरॉक्स पुरेशी नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयाच्या नोंदीत नंबर स्वतः तपासा: मुदत संपली आहे का, कोणत्या प्रकारच्या कामासाठी आहे, किती मोठ्या कामापर्यंत चालतो आणि कोणाच्या नावावर आहे. परवाना, करार आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव हवं. ‘परवाना भावाच्या नावावर आहे, काम मीच बघतो’ असं कोणी म्हणालं तर बोलणी तिथेच थांबवा, कारण वाद झाला तर ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो माणूस कागदावर नसतोच. काही ठिकाणी जनरल कॉन्ट्रॅक्टरला परवाना लागत नाही. तिथे निदान त्याच्या इलेक्ट्रिशियनचा परवाना आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी बघा.

मजूर परांचीवरून पडला किंवा शेजाऱ्यांची भिंत तडकली तर भरपाई कोण देणार? त्यासाठी त्याचा विमा हवा, आणि त्याचं प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवा. बांधकामाची परवानगी कोणाच्या नावाने काढायची हेही आताच विचारा. ‘तुम्हीच काढा, सोपं पडतं’ असं उत्तर आलं तर नियमभंगाची जबाबदारी कोणावर येते ते कळल्याशिवाय हो म्हणू नका.

२. जुनी कामं

नुकतं रंगवलेलं घर बघून काहीच कळत नाही. दोन-तीन वर्षं वापरात असलेलं घर दाखवायला सांगा. बाथरूमच्या खालचं छत, खिडकीखालची भिंत आणि गच्चीचे कोपरे बघा. ओल असेल तर ती इथे दिसते. घरमालकाला एकच विचारा: काम संपल्यावर हा फोन उचलतो का?

३. कोटेशन

सगळ्यांना एकच यादी द्या आणि प्रत्येक कामाचा वेगळा दर मागा. नुसतं ‘प्लास्टर’ चालणार नाही. आतलं १२ मिमी, बाहेरचं २० मिमी दोन हाती, सिमेंट-वाळूचं प्रमाण किती, असं लिहिलेलं हवं. चौरस फुटाचा दर असेल तर क्षेत्र कार्पेट (भिंतींच्या आतलं) धरलंय की स्लॅबचं, आणि रंगाच्या मोजमापात दारं-खिडक्या वजा होणार का, हे लिहून घ्या. तोडफोड, राडारोडा उचलणं, परांची, कामाचं पाणी आणि वीज कोणाच्या खर्चात आहे, हेही लिहिलेलं असू द्या. सगळ्यात कमी कोटेशनमध्ये बहुधा यातलंच काहीतरी गाळलेलं असतं.

४. पैशांचे टप्पे

खरी मेहनत इथे घ्यायची. मलाही हे जमायला वेळ लागला, कारण कॉन्ट्रॅक्टर जो छापील तक्ता देतो तो वाचायला अगदी रास्त वाटतो: सुरुवातीला इतके टक्के, स्लॅबला इतके, प्लास्टरला इतके, शेवटी ५ टक्के. तक्ता मिळाला की आधी क्रियापदं तपासा. ‘स्लॅब सुरू करताना’ असं असेल तर ते खोडून ‘स्लॅब भरून झाल्यावर’ करा. तारखेला बांधलेला हप्ता तर अजिबात मान्य करू नका. तारीख उजाडते, काम झालेलं नसतं आणि मागणी मात्र येते.

अ‍ॅडव्हान्स काम सुरू होण्यापुरता द्या. माझी मर्यादा १० टक्के. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घराच्या नूतनीकरणासाठी कायद्यानेच १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी कमी असेल तेवढाच अ‍ॅडव्हान्स घेता येतो. कायदा करावा लागला यावरूनच हा त्रास किती जुना आहे ते समजा. सामानासाठी जास्त पैसे हवेत असं तो म्हणाला तर दुकानदाराला थेट पैसे द्या, बिल तुमच्या नावावर घ्या आणि माल साइटवर उतरवून घ्या.

आता मुख्य हिशोब. प्रत्येक हप्त्याआधी स्वतःला विचारा: हा माणूस उद्या आला नाही तर उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला किती लागेल? तुमच्या हातात उरलेली रक्कम त्याहून जास्तच असली पाहिजे. समजा ९० टक्के रक्कम देऊन झाली आहे आणि दारं, नळ, रंग, पॉलिश मिळून १८ टक्क्यांचं काम बाकी आहे. त्याला आता १८ टक्क्यांचं काम करून १० टक्के मिळणार. नव्या साइटवर त्याला अ‍ॅडव्हान्स मिळतोय. तो कुठे जाईल? शेवटच्या टप्प्यात घरं महिनोन्‌महिने अडकतात ती यामुळे. त्यात आळस कमी आणि हा हिशोब जास्त असतो. म्हणून तक्त्यातले सुरुवातीचे आकडे खाली ओढा आणि फिनिशिंगचा वाटा वाढवा. तो कुरकुर करेल. हवं तर दरात थोडं सैल सोडा, टप्प्यांत सोडू नका.

दुसरं, जे काम झाकलं जाणार आहे त्याचा हप्ता झाकण्याआधीच्या तपासणीला बांधा. सळई बांधून झाली की काँक्रीट ओतण्याआधी इंजिनिअरने बघून सही करायची. पाइपलाइनची दाबाची चाचणी फरशी बसण्याआधी. बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर निदान २४ तास पाणी साठवून ठेवायचं, खाली जाऊन छत बघायचं, मगच टाइल. वायरिंगच्या पाइपांचे फोटो प्लास्टरच्या आधी. टाइल लागल्यावर ‘आत सगळं बरोबर आहे’ या शब्दावर एक पैसाही सोडू नका.

स्लॅबचे सगळे पैसे काँक्रीट ओतलं त्याच दिवशी देऊ नका. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांना मोजतात. ७ दिवसांना ती साधारण दोन-तृतीयांशच असते, आणि ती वाढायला स्लॅब ओला राहावा लागतो. पाणी मारायला खर्च फारसा नाही, पण रोज माणूस लागतो, आणि हप्ता हातात पडला की तो माणूस आधी कमी होतो. हप्त्याचा एक भाग क्युरिंग (हे पाणी मारणं) पूर्ण होईपर्यंत आणि एक भाग त्याच काँक्रीटच्या चाचणीसाठी भरलेल्या ठोकळ्यांचा २८ दिवसांचा अहवाल येईपर्यंत ठेवा.

तिसरं, त्याने पुढे पैसे दिले का हे बघा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले असले, तरी ज्याचे पैसे त्याने थकवले तो पुरवठादार किंवा पोटठेकेदार तुमच्या घरावर बोजा नोंदवू शकतो. असा कायदा नसेल तिथेही चिडलेला सुतार अर्धं काम टाकून जातो. म्हणून पुढचा हप्ता देण्याआधी मागच्याच्या पावत्या मागा. रोखीत दिल्यास सूट, ही ऑफर नाकारा. पुरावा नसलेला हप्ता वादात मोजला जात नाही.

आणि हे सगळं केल्यावर तुमची बाजूही चोख ठेवा. टप्पा पूर्ण झाला, तपासणी झाली, की ठरलेल्या दिवसांत पैसे द्या. पूर्ण झालेल्या कामाचे पैसे उगाच अडवणारा मालक स्वतःच्याच साइटवरचे मजूर घालवतो, आणि ते माझ्या मते तितकंच वाईट आहे.

५. एक्स्ट्रा

रक्कम आणि वाढणारे दिवस लिहून आल्याशिवाय कुठलंही जादा काम सुरू करू देऊ नका. मेसेज चालेल, तोंडी नाही.

६. ताबा

दिवसाउजेडी प्रत्येक खोलीत फिरून यादी करा. सगळे नळ एकदम उघडा, प्रत्येक बटण दाबा, प्रत्येक खिडकीची कडी लावून बघा. शेवटचा हप्ता या यादीला बांधलेला असावा. त्याशिवाय ५ टक्के रक्कम दोषदुरुस्तीसाठी वर्षभर राखून ठेवायची, हे करारातच लिहून घ्या. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी गच्ची आणि बाथरूमखालचं छत पुन्हा बघा, जे सापडेल ते लेखी कळवा. दुरुस्ती झाली की राहिलेले पैसे त्याच आठवड्यात देऊन टाका.