पोळी बंद केली, तरी गहू घरात फिरतोच: सिलिअॅकच्या स्वयंपाकात या चुका टाळा

घरात कुणाला सिलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, निघाला की पोळी, ब्रेड, बिस्किटं त्याच दिवशी बंद होतात. भाकरी-भात सुरू होतो. तरी दोन-तीन महिन्यांनी पोट फुगतंच, जुलाब थांबत नाहीत. अशा वेळी ताटात काय वाढलंय यापेक्षा पीठ कुठून आलं ते आधी बघा.

गिरणीचं पीठ

सगळ्यात मोठी चूक इथे होते. डबा ठेवताना आपण फार तर 'ज्वारी कशावर टाकताय?' एवढं विचारतो. ज्वारीआधी बाजरी गेली असली तरी तिच्याआधी गहू गेलेलाच असतो आणि त्याचं पीठ दगडांना, पीठ पडतं त्या कापडाला चिकटून राहतं. हिशोब करून बघा. गव्हाच्या पिठात साधारण दहावा भाग ग्लुटेन असतं. 1 किलो ज्वारीच्या पिठात 1 ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, गव्हाचं पीठ मिसळलं तरी किलोमागे 100 मिलिग्रॅम ग्लुटेन झालं. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायला आपल्याकडे मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅमची.

आधी किलोभर तांदूळ दळून टाकून द्यायचा उपाय बरेच जण सांगतात. त्याने गहू कमी होतो, गेल्याची खात्री मिळत नाही. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू एकदाही घालू नका. जुनी, गहू दळलेली घरघंटी उपयोगाची नाही. पेठ-सुरगाण्याकडची नाचणी असो की सिन्नरची बाजरी, सुटं धान्य ताटात पसरून निवडा. गव्हाचे दाणे हमखास सापडतात. मग धुऊन कडक वाळवा.

चाळण आणि पोळपाट

स्टीलची परात नीट घासली की चालते. चाळणीच्या जाळीतलं पीठ मात्र धुऊनही निघत नाही, म्हणून चाळण वेगळीच हवी. लाकडी पोळपाट-लाटणं आणि लोखंडी तवाही वेगळा. दोन्ही करायचं असेल तर भाकरी आधी, पोळ्या नंतर. लाटताना उडालेली पिठी ओट्यावर बसते.

हिंग

बाजारातल्या बहुतेक बांधणी हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, फक्त पाकीट उलटून घटक वाचावे लागतात. तोच हिंग तयार शेव, पापड, लोणच्यातही जातो.

नावाला फसू नका

खपली हा गहूच आहे. पचायला हलका म्हणतात, पण सिलिअॅकला चालत नाही. लापशी, शेवया, रवा, सातूचं पीठ, गव्हाची कुरडई हेही बंद. थालीपीठाच्या भाजणीत आणि मेतकुटात बहुतेक घरी मूठभर गहू पडतो. कुरडई तळलेल्या तेलात सिलिअॅक असलेल्याचा पापड तळू नका.

भाकरी तुटते

पीठ जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, मग कितीही मळा, काठ फाटतातच. आठ दिवसांचंच दळा. बाजरी तर त्यानंतर कडवट होते. तरीही तुटत असेल तर उकड काढा: 1 वाटी पाण्याला उकळी आणून मीठ घाला, गॅस बंद करून 1 वाटी पीठ टाका, 10 मिनिटं झाकून ठेवा आणि गरम असतानाच मळा. तव्यावर टाकल्या टाकल्या वरून पाणी फिरवा, ते पुरतं सुकायच्या आत उलटा. सुकल्यावर उलटली तर तडे जातात.

मिसळ

नाशिकच्या घरात रविवारी मिसळ सोडा म्हणणं व्यर्थ आहे. मटकीची उसळ आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा रस्सा तसा निर्धोक. घात करतं ते फरसाण, त्यात मैद्याच्या पापड्या असतात. घरच्या बेसनाची शेव घाला, पावाऐवजी भाकरी चुरा. पाव खाणाऱ्यांनी बुडवलेला चमचा पातेल्यात परत जाऊ नये, म्हणून त्यांचा रस्सा आधीच वेगळा काढा.

सगळ्यांचाच गहू बंद

सोय म्हणून अख्खं घर गहू सोडतं. सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची तपासणी त्याआधी करून घ्या. गहू बंद केल्यावर रक्ताची चाचणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते, आणि मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खायला लागतो.