शुभवर्तमानांतील नातलगांचा तक्ता कसा मांडावा

सांगली-मिरजेच्या मंडळींतील संडे स्कूलसाठी येशूच्या नातलगांचा आणि पहिल्या शिष्यांचा तक्ता करावयाचा असल्यास आरंभ मार्क 6:3 पासून (मार्क या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथाचा, अध्याय 6, वचन 3) करावा. तेथे याकोब, योसे, यहूदा व शिमोन या भावांची नावे आणि बहिणींचा नावाविना उल्लेख एकत्र आला आहे. हे भाऊ सख्खे, सावत्र की मावस-चुलत, याविषयी ख्रिस्ती परंपरांत जुना मतभेद असल्याने त्यांना तुटक रेषेनेच जोडावे.

खरी कसोटी वधस्तंभाजवळच्या स्त्रियांची आहे. मत्तय 27:56, मार्क 15:40 आणि योहान 19:25 ही वचने कार्डशीटवर शेजारी-शेजारी लिहावीत. मग्दालीया मरीया तिन्हीकडे आढळते. मात्र मत्तय जिला जब्दीच्या मुलांची आई म्हणतो, तिच्या जागी मार्क सलोमेचे नाव देतो, तर योहान ‘त्याच्या आईची बहीण’ एवढेच सांगतो. या तिघी एकच मानल्या, तर जब्दीची मुले, म्हणजे शिष्य याकोब व योहान, हे येशूचे मावसभाऊ ठरतात; परंतु हे अनुमान आहे, म्हणून ते पेन्सिलीनेच लिहावे. मुलांना स्वतः वचने ताडून पाहू देणे मला अत्यंत मोलाचे वाटते.

शिष्यांपैकी पेत्र व अंद्रिया भाऊ असल्याचे स्पष्ट आहे. पेत्राच्या सासूलाही मार्क 1:30 वरून जागा द्यावी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आई अलीशिबा मात्र लूक 1:36 नुसार येशूची आई मरीया हिची केवळ ‘नातलग’ आहे, तेव्हा या योहानापुढे ‘मावसभाऊ’ लिहू नये.